ताईचे ओठ

माझी ताई चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभी राहून दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवते. सव्वीस वर्षं झाली. गिऱ्हाइकाच्या हनुवटीला बोट लावून मान सरळ करायची, कानामागची काडी चाचपायची आणि आरसा पुढे करून म्हणायचं, "बघा, चेहराच बदलला." हे वाक्य मी काचेपलीकडून वाचलंय, ऐकलेलं नाही. पाचव्या वर्षी मला ताप आला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. तेव्हापासून जगातलं जे काही बोलणं माझ्यापर्यंत आलं, ते ताईच्या ओठांवरून. आमच्या घरात त्यासाठी एकच नियम होता: माझ्याकडे पाठ करून बोलायचं नाही. अगदी कडाकडा भांडतानासुद्धा ताईने तो कधी मोडला नाही.

उपकार आहेत, नाही कोण म्हणतंय? पण उपकाराखाली जन्म काढणं काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत. बँक असो नाहीतर दवाखाना, समोरचा मला विचारणार आणि उत्तर ताई देणार. "तिला चालेल." "तिला नको." कागद पुढे सरकवायची आणि मी न वाचता सही ठोकायची. एकदा एका मोठ्या शिवणकारखान्यातल्या बाई मला नमुने कापायच्या कामाला न्यायला घरी आल्या होत्या. पगार चांगला, राहायची सोय. माझ्याकडे न बघताच ताई त्यांना म्हणाली, "तिला जमणार नाही." तिला वाटलं, माझं लक्ष नाही. अगं, लोकांच्या तोंडाकडे लक्ष देण्याशिवाय मी जन्मात दुसरं केलंय काय? त्या बाई चहा पिऊन गेल्या. मी अजून ड्रायक्लीनरच्या मागच्या खोलीत लोकांच्या पँटी आखूड करते.

मेहुणे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मागच्या वर्षी दुकानाच्या मालकाने काउंटरवर दोन तरुण मुली आणल्या आणि ताईला आतल्या खोलीत काचांच्या डब्या लावायला बसवलं. महिनाभर ती खाली मान घालून जेवली. मग एका रविवारी बाहेर गेली आणि येताना भलतंच तोंड घेऊन आली. कोपऱ्यावरच्या पार्लरवालीने सुईने ओठांत ते फुगवायचं फिलर भरलं होतं. वरचा ओठ टम्म, पुढे आलेला, आणि डावीकडे वाटाण्याएवढी गाठ. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दारात उभी राहून ती काहीतरी बोलली. मला एक अक्षर दिसलं नाही. वरचा ओठ जागचा हलेना आणि दोन्ही ओठ धड मिटेनात. तिने कागदावर लिहिलं, "सूज उतरली की ठीक होईल." सूज आठवड्यात उतरली, ओठ तसेच राहिले. मी तीनतीनदा "काय?" विचारायची, ती वैतागायची. आधी बिलांच्या पाठीवर अर्धी अर्धी वाक्यं लिहून द्यायची, पुढे तेही बंद झालं. जेवताना समोरासमोर बसून आम्ही भिंती बघायचो. मला इतकं एकटं ताप आला तेव्हाही वाटलं नव्हतं.

आणि ताई मात्र खुशीत. मालकाने तिला पुन्हा काउंटरवर आणलं. गिऱ्हाइकं म्हणे विचारतात, वय काय तुमचं. दुकानात बावीस आरसे आहेत, आणि येताजाता ती प्रत्येकात डोकावायची. मी काचेपलीकडून बघायचे आणि अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग ती गाठ दुखायला लागली, तेव्हा बाईसाहेब घाबरल्या. चामडीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आत काय भरलंय त्याचं नाव आणा. एकाच जातीचं फिलर इंजेक्शनने विरघळतं, बाकीचं नाही. पार्लरवाली काही ताकास तूर लागू देईना. ताई दोनदा जाऊन हात हलवत परत आली. तिसऱ्यांदा मी गेले. मी घराबाहेर बोलत नाही. माझा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येतो म्हणे, पोरं हसतात. भरल्या पार्लरमध्ये मधोमध उभी राहिले आणि त्याच आवाजात विचारलं, "माझ्या बहिणीच्या तोंडात काय घातलंस?" खुर्च्यांवरच्या चारही बायका वळल्या. दोन मिनिटांत फिलरचं खोकं माझ्या हातात होतं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

फिलर विरघळणारं निघालं. ठरल्या दिवशी निघताना ताईने माझ्या हातात चिठ्ठी दिली: "फक्त गाठ. बाकी राहू दे. डॉक्टरांना नीट सांग, माझं तोंड बधिर असेल." चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या वतीने मी बोलणार होते.

आधी तिच्या दंडावर थोडं औषध टोचून अर्धा तास बसवलं, पुरळ येतंय का बघायला. मग ओठांवर बधिर करायचं मलम लावून, चष्मा काढून तिला आडवं केलं. तिचा चष्मा माझ्या मांडीवर. नर्सने फॉर्म माझ्याकडे दिला. खाली दोन चौकटी होत्या: 'फक्त गाठ' आणि 'पूर्ण'. ताईने गाठीवर बोट ठेवून मला पुन्हा दाखवलं. मी मान हलवली आणि 'पूर्ण'वर खूण केली. फॉर्म तिच्या हाताखाली सरकवला. तिने न वाचता सही केली. डॉक्टरीणबाईंनी फॉर्म बघून मास्कमागून काहीतरी विचारलं असावं. मला दिसलं ते एवढंच, की ताईने माझ्याकडे बोट करून होकाराची मान हलवली.

दोन दिवसांत सगळं ओसरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात गेली नाही. गाठ गेली होती, पण ओठ पूर्वीपेक्षाही बारीक दिसत होते आणि वरती दोन उभ्या सुरकुत्या आल्या होत्या. मी टेबलाशी चहा घेत होते. ती माझ्यासमोर उजेडात येऊन उभी राहिली, लहानपणापासून उभी राहते तशी.

"मी फक्त गाठ म्हटलं होतं," ती म्हणाली.

अक्षर अन् अक्षर दिसलं. किती महिन्यांनी. मला रडू फुटायचं बाकी होतं.

"चिठ्ठी लिहून दिली होती," ती म्हणाली. "तुला कळली नसेल. हो ना?"

बहिऱ्या माणसाचं एक बरं असतं, कळलं नाही म्हटलं की सुटका. तिने आपण होऊन ते माझ्यापुढे ठेवलं होतं. नुसती मान हलवायची होती.

"कळली होती," मी म्हणाले. "त्या शिवणाच्या बाई आल्या होत्या ना, तेव्हाही कळलं होतं."

तिच्या खालच्या ओठाला जरासा कंप आला, तोही मला स्वच्छ दिसला. मग तिने माझ्याकडे पाठ केली, खिडकीकडे तोंड केलं आणि बोलायला लागली. खांदे हलत होते, कानाखालचा जबडा हलत होता. बराच वेळ बोलत होती ती. मी कप हातात धरून तिच्या पाठीकडे बघत बसले.