हरणांच्या हंगामातला धडा

हॅस्केल प्रूइट देवालाही भ्यायचा आणि सरकारलाही, म्हणून एकोणतीस वर्षं तो दोघांच्याही डोळ्यांत धूळ फेकत आला. पूर्व टेनेसीतल्या बेल्स फोर्क गावात तो हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचा आणि रविवारी त्याच तोंडाने चर्चच्या तळघरात सहा वर्षांच्या पोरांना नोहाची नौका सांगायचा. नौकेतले प्राणी त्याने स्वतः चाकूने कोरले होते. जिराफाची मान दुसऱ्याच वर्षी मोडली, पण देवाच्या कृपेने घरात डिंक होता.

सरकारी पुस्तकात उत्क्रांतीचा धडा होता. सरकार म्हणायचं, शिकव. गाव म्हणायचं, शिकवून तर बघ. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्याने तो भाबडेपणाने फेब्रुवारीत, भरल्या वर्गात शिकवला. दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या व्हरांड्यात केळ्यांचा घड ठेवून गेलं. हॅस्केलने केळी खाऊन टाकली, त्यांचा काय दोष! पण पुढच्या रविवारी चर्चची पंगत होती. आमच्याकडे प्रत्येक घरून एक पातेलं येतं आणि सगळे सगळ्यांचं खातात. त्याच्या बायकोने, नेटीने, कोंबडीच्या रश्शात कणकेचे गोळे सोडून मोठं पातेलं भरून नेलं होतं. त्यात कोणी डाव घातला नाही. कोर्टाचा निकाल वरच्या कोर्टात फिरवता येतो, पंगतीचा नाही. घरी येताना ते भरलेलं पातेलं मांडीवर घेऊन नेटी गाडीत ढसाढसा रडली.

त्या रडण्यातून हॅस्केलची युक्ती निघाली. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी बंदुकीने हरणं मारायचा हंगाम उघडतो. पुढचे सोमवार, मंगळवार, बुधवार शाळा असते, पण ती कागदावर. पोरं रानात मचाणावर बसलेली असतात, पोरीही बसतात, आणि उरलेल्यांना त्या तीन दिवसांत हमखास ताप येतो. हॅस्केलने उत्क्रांतीचा धडा उचलला आणि त्या तीन दिवसांत नेऊन ठेवला. परीक्षेत त्यावर एकही प्रश्न नसायचा. धडा शिकवला म्हणून सरकार खूश, कोणी ऐकला नाही म्हणून गाव खूश, आणि नेटीचं पातेलं दर वेळी चाटून पुसून परत येऊ लागलं.

गंमत म्हणजे हॅस्केल वर्षभरात सगळ्यात चांगला त्याच तीन दिवसांत शिकवायचा. एरवी बेडकाची आतडी दाखवताना तो स्वतःच पेंगायचा. पण त्या सोमवारी ड्रॉवरमधून एक दगड काढून टेबलावर ठेवायचा. कॉलेजात असताना गावामागच्या ओढ्यात त्याला तो सापडला होता. त्यात समुद्रातल्या एका जीवाचा ठसा होता, आणि समुद्र तर इथून गाडीने आठ तासांवर! "इथं, तुम्ही बसलात ना, तिथं समुद्र होता," असं तो रिकाम्या बाकांना सांगायचा आणि दगड बाकाबाकावर नेऊन दाखवायचा. बाकं शहाणी, ती कुणाकडे चुगली करत नसत.

मग निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना लॉर्ना टॅकेटचा हात मोडला. ही आमच्या पाद्रीबाबांची, ब्रदर वेंडेल टॅकेट यांची सोळा वर्षांची मुलगी. बास्केटबॉल खेळताना पडली आणि ऐन हंगामात हात प्लास्टरमध्ये. एका हाताने बंदूक धरता येत नाही, म्हणून ती तिन्ही दिवस वर्गात येऊन बसली. हॅस्केलला चांगला घाम फुटला. पण दगड टेबलावर आला होता आणि पोरगी प्रश्न विचारत होती. माणूस घसरला.

गुरुवारी टॅकेटांकडे थँक्सगिव्हिंगचं जेवण होतं. ब्रदर वेंडेलची प्रार्थना नेहमीसारखी लांबत चालली होती, टर्की गार होत होती. आमेन झाल्या झाल्या लॉर्ना म्हणाली, "डॅडी, देवमाशाला पायच नाहीत, मग देवाने त्याच्या पोटात कंबरेची हाडं कशाला घातली?"

ब्रदर वेंडेलच्या हातातली तंगडी हातातच राहिली.

पुढच्या गुरुवारी शाळेच्या जेवणघरात शिक्षण मंडळाची बैठक लागली. अख्खं गाव लोटलं. विषय एकच, प्रूइटला ठेवायचं की घरी बसवायचं. नेटी दाराजवळ त्याचा कोट मांडीवर घेऊन बसली होती. मंडळाचा अध्यक्ष डॉयल स्टाइल्स, पेंडीच्या दुकानाचा मालक, हॅस्केलचाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "मिस्टर प्रूइट, खरं सांगा. पोरांना हे माकडाचं शिकवता?"

हॅस्केलने तोंड उघडायच्या आत हेडमास्तर गारलंड निपर हजेरीपटांचा गठ्ठा घेऊन उठले. "शिकवतो की! पण कोणाला, ते ऐका. गेल्या आठवड्यातला सोमवार. पटावर अठ्ठावीस, हजर एक. मागच्या वर्षी हजर दोन, त्यातला एक झोपलेला. त्याआधी तीन. डॉयल, तुझंही वर्ष आहे यात. सोमवार गैरहजर, मंगळवार गैरहजर, बुधवार गैरहजर."

"अरे, त्या मंगळवारी मी आठ फाट्यांच्या शिंगांचा नर पाडला होता!" डॉयल खुर्चीतून उठलाच.

मग काय, जेवणघर खदखदा हसलं. ज्याला त्याला आपापलं हरीण आठवलं. मागून कोणीतरी ओरडलं, "हॅस्केल, लेका, तू तर आमच्याहून बेरकी निघालास!" ब्रदर वेंडेल डोळे पुसत पुढे आले आणि हात पुढे केला. "ब्रदर हॅस्केल, मी तुझ्यावर अन्याय केला. आमच्या लेकरांना त्या धड्यापासून आम्ही नाही, तू जपलंस."

सुटला होता हॅस्केल. निवृत्ती शाबूत, रविवारची पंगत शाबूत. फक्त तो हात धरायचा होता. पण 'जपलंस' हा शब्द त्याला थोबाडीत बसल्यासारखा लागला. आयुष्यभर शिकवून मिळालेली एकमेव शाबासकी, आणि तीही न शिकवल्याबद्दल!

दुसऱ्या रांगेतून लॉर्ना उभी राहिली. प्लास्टर छातीशी धरलेलं.

"सर, म्हणजे माझा हात मोडला नसता तर तुम्ही मला सांगणारच नव्हता?"

"लॉर्ना, खाली बस," ब्रदर वेंडेल म्हणाले.

ती बसली नाही. हॅस्केलला काहीतरी गोलमाल बोलता आलं असतं, त्यात त्याचा हातखंडा होता. पण ती त्याच्याकडे तशीच बघत होती, दगड बघताना बघत होती तशी. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"नव्हतो सांगणार," तो म्हणाला. "चुकलंच माझं." मग तो मंडळाकडे वळला. "डॉयल, लिहून घे. पुढच्या वर्षी हा धडा सप्टेंबरच्या एक तारखेला. भरल्या वर्गात. आणि परीक्षेत प्रश्न येणार."

ब्रदर वेंडेलचा हात तसाच पुढे राहिला, मग खिशात गेला. डॉयलने थोडा वेळ पेन चावलं आणि मास्तरांना वाचवायचा शेवटचा प्रयत्न केला.

"मिस्टर प्रूइट, एक सप्टेंबरला पारव्यांची शिकार उघडते. पोरं कुठली यायला?"

"पारवे दुपारी बारापासून मारता येतात, डॉयल. कायदाच आहे तसा. माझा तास सकाळी आठचा आहे."

पेन चावत डॉयलने म्हटलं, ठेवायचं की नाही ते पुढच्या बैठकीत बघू, आणि बैठक उठली. हॅस्केल दाराशी आला तेव्हा लोक त्याला वाट देत होते, जरा जास्तच रुंद. नेटीने कोट त्याच्या खांद्यावर टाकला, कॉलर नीट केली. ती रडत नव्हती.

"या रविवारी लहान पातेलं नेऊ या," ती म्हणाली. "आपल्या दोघांपुरतं."

त्यांच्या मागून लॉर्ना बापाच्या हाताला हिसडा देऊन आली होती. "मिसेस प्रूइट," ती म्हणाली, "तिघांपुरतं आणा."