तोंड पाण्यात घाल

माझ्या मुलीला पोहायला मीच शिकवलं. काटेवाडीला आमच्या विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून. माझी शाळा चौथीपर्यंत, दुसरं काही मला शिकवता आलं नाही. म्हणून ती बारामतीच्या पोहण्याच्या तलावावर जायला लागली, तेव्हा मनातून फार बरं वाटलं होतं.

त्या दिवशी तिथले सर स्पर्धेसाठी मुली निवडत होते. फ्रीस्टाइल पोहत, न थांबता पलीकडचा काठ गाठायचा. माझी पोरगी अर्ध्यातच दमली आणि पाण्यावर ताणलेल्या दोरीला लटकली. दुसऱ्यांदाही तेच.

"पोहतेस का धामीण चाललीय?" सर ओरडले. "डोकं वर काढतेस म्हणून पाय बुडतात. तोंड पाण्यात, श्वासाला नुसतं बाजूला वळायचं. किती दिवस सांगतोय! का ऐकत नाहीस?"

"आई म्हणते, तोंड पाण्यात गेलं की माणूस संपलं."

बाकावरच्या सगळ्या आया माझ्याकडे बघायला लागल्या. म्हणाले होते मी तसं. विहिरीत तिचं तोंड खाली गेलं की मी वेणी धरून वर ओढायची. वरून कोण उडी टाकतंय, कपारीत काय बसलंय, हे दिसायला नको? आमच्याकडं सगळी अशीच शिकली. आणि त्यानंच माझी पोरगी दमत होती.

सर म्हणाले, "ताई, आता तुम्हीच सांगा तिला. शेवटची खेप."

चारचौघांत मी कधी बोलत नाही. पदर खोचून काठावर उकिडवी बसले.

"घाल तोंड पाण्यात. मी हाय हितं."

वेणी टोपीत होती, तरी तिनं विचारलं, "वडणार न्हाईस ना?"

"न्हाय वडत."

तिनं तोंड खाली घातलं. पाण्यावर नुसती पाठ. बुडालेलं माणूस वर येतं तशी. माझा हात आपोआप पुढं गेला, तो मी दुसऱ्या हातानं धरून ठेवला. मग अर्धं तोंड बाजूला आलं, श्वास घेतला, परत आत. पाय पहिल्यांदाच वर आले होते. दोरीकडं ती वळलीच नाही.

पलीकडच्या काठावरनं ती ओरडली, "आई, जमलं गं!" सरांनी तिचं नाव लिहून घेतलं.

"निवडली की पोरगी! उठा आता," बाकावरची एक बाई हसली.

मला उठताच येईना. अजून काय काय उलटं शिकवलंय मी हिला, तेवढंच डोक्यात घुमत होतं.