सदतीस नंबरचं झाकण

व्हर्जिल डुफ्रेनने अडतीस वर्षं एकच काम केलं. गोड गोळ्यांच्या काचेच्या बरण्यांना झाकणं बसवायची. ओहायो नदीकाठच्या त्या कारखान्यात मान होता तो भट्टीवरच्यांना, घासणाऱ्याला कोण विचारतो? पण साच्यातून निघालेलं झाकण आपोआप कुठल्याच बरणीत बसत नाही. आधी ते घासायच्या चाकावर झिजवून उतरवायचं, मग ओली वाळू लावून बरणीच्या गळ्यातच फिरवत राहायचं. दोन्ही काचा एकमेकींना झिजवतात, तेव्हा कुठे जोडी जमते.

जमलेली जोडी समोरच्या बाकावर लिओनाकडे जायची. ती झाकण लावून बरणी कानाशी हलवायची. आवाज नसला तर पोलादी सुईने बरणीच्या गळ्यात आत आणि झाकणाच्या बुंध्यावर, म्हणजे गळ्यात उतरणाऱ्या भागावर, एकच आकडा कोरायची. एकीचं झाकण दुसरीला चालत नसे, म्हणून. तिची आई बेल्जियमची. इंग्रजी सातच्या पोटात आडवी रेघ मारायची सवय लिओनाला आईकडून आली होती. कारखान्यात तसा सात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

"वाजतंय. परत न्या," हे ती त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. त्याने नेलं. तिसऱ्या वर्षी त्यांचं लग्न झालं.

आता कारखाना नव्हता आणि लिओनाही नव्हती. मालकांनी जाताना कागदपत्रं जाळली होती. कोणती बरणी कुणी केली, हे सांगायला बरण्याच काय त्या उरल्या. बंद पडलेली दुकानं, लोकांची तळघरं धुंडाळून व्हर्जिल त्या गोळा करायचा, उजेडात धरून घासल्याच्या रेघा वाचायचा आणि बुडाला चिठ्ठी डकवायचा : 'घासणारा हॅरिस, डावखुरा.' अशा त्रेचाळीस झाल्या होत्या. रेघेचा सात एकीवरही नव्हता.

"घरभर बरण्या, आणि गोळी एक नाही," शेजारचा क्लीटस म्हणायचा. तो भट्टीवरचा जुना गडी. "पाहुण्याने काय काच चाटायची?"

"पाहुणे येतात कुठे?"

"मग मी कोण?"

"तू कॉफी संपवायला येतोस."

ऑक्टोबरात अर्मा झेलरने वडिलांचं गोळ्यांचं दुकान आवरायला काढलं आणि व्हर्जिलला निरोप धाडला. काचेच्या खिडकीत वर्षानुवर्षं उन्हात उभी असलेली एक बरणी होती. उन्हाने काच फिकट जांभळी झालेली.

"झाकण नाही हं तिला," अर्मा म्हणाली.

व्हर्जिलने गळ्यात बोट घातलं. बोटाला ओरखडा लागला. त्याने बरणी दारातल्या उजेडात नेली. सदतीस. सातच्या पोटात रेघ.

"काय हो? तडा गेलाय का?"

"नाही. झाकण कुठे गेलं?"

"बाबांनी सुटी झाकणं खोकाभर देऊन टाकली चर्चच्या विक्रीत. यंदाच्या नाही, त्याच्या आधीच्या मे महिन्यात."

 तो खोका व्हर्जिलनेच विकत आणला होता.

लिओनाला जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. हातांना काहीतरी काम हवं होतं. खोक्यातली अकरा झाकणं त्याने घरातल्या उघड्या बरण्यांना लावून पाहिली आणि जे केसभर घट्ट होतं ते तळघरातल्या चाकावर उतरवलं. काम चोख केलं. बुंध्यावरचे आकडे पाहायचं मात्र डोक्यातच आलं नाही. चिठ्ठ्यांचा नाद पुढे लागला.

घरी येऊन त्याने ती अकरा झाकणं मेजावर मांडली. क्लीटस कप घेऊन बसलाच होता. नववं झाकण फिकट जांभळं निघालं. बुंध्याच्या खालच्या कडेला सातचा पाय शिल्लक होता आणि आडव्या रेघेचं एक टोक. बाकीचं चाकाने नेलं होतं.

व्हर्जिलने ते सदतीस नंबरच्या बरणीला लावलं. कानाशी धरून हलवलं.

"वाजतंय," क्लीटस म्हणाला. "एखादं मोठं झाकण घे की. तुला काय, तासाभराचं काम."

"बसवताना गळा झिजतो. आकडा जाईल."

"मग असंच ठेवणार? ढिलं? तू?"

व्हर्जिलने झाकण काढून उजेडात धरलं. घासल्याच्या रेघा त्याच्याच हाताच्या होत्या, जुन्याही आणि नव्याही. त्याने चिठ्ठी लिहिली : 'आकडा लिओनाचा. घासणारा डुफ्रेन. दोनदा घासलं. दुसऱ्यांदा न बघता.' ती बुडाला डकवली आणि बरणी स्वयंपाकघरातल्या फळीवर, कानाच्या उंचीला ठेवली.

क्लीटस गेला. व्हर्जिलने दोन कप विसळले. नदीकाठाने सहाची कोळशाची गाडी आली, फळी हलली आणि झाकण वाजू लागलं. सवयीने त्याचा हात ते उचलायला वर गेला. त्याने तो खाली घेतला आणि शेवटचा डबा जाईपर्यंत ऐकत उभा राहिला.