ब्याण्णव हजारांचा तोटा

आमचा मसाल्याचा धंदा बुडाल्याची बातमी घरात सगळ्यात आधी मला कळली. साहजिकच होतं. ती मीच तयार केली होती!

धंदा माझ्या बायकोचा, मंगलचा. केडगावातल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत तिचं मिरची कांडपाचं मशीन आहे. काळा मसाला, लाल तिखट, शेंगदाण्याची चटणी असा सगळा माल. हाताखाली दोन बायका आणि नगरमधली पाच-सहा दुकानं गिऱ्हाईक. मी छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेलो. घरात मला काम एकच उरलं होतं: शिंकणं. (पुढं मिरची चालू असली की मागच्या खोलीत माणूस जिवंत आहे, हे बाहेरच्यांना त्यावरूनच कळायचं.)

मंगलचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर असे. 'टोपीवाला चार किलो.' 'जिन्याखालचा सहा किलो, कुरकुरला.'

"याला हिशेब म्हणतात?" मी एकदा विचारलं.

"मला कळतोय न्हवं?"

"अगं, धंदा असा चालत नसतो!"

"सात वर्षं चालतोय की."

एवढं ऐकून शहाणा माणूस गप्प बसला असता. मी नगरला जाऊन हिशेब-लेखनाच्या आठ दिवसांच्या वर्गात नाव घातलं. शिकवायला शेख मॅडम, वय माझ्या मुलीएवढं. वर्गात सगळ्यात म्हातारा मी आणि सगळ्यात जास्त हात वर करणाराही मीच. पहिल्याच दिवशी मॅडमनी सांगितलं, "धंदा वेगळा आणि मालक वेगळा, हे आधी डोक्यात ठेवा."

मी ते डोक्यात ठेवलं आणि थेट जेवणाच्या ताटावर आणलं.

"आजच्या आमटीत मसाला किती घातलास?"

"दोन चमचे."

"म्हणजे तू धंद्यातून दोन चमच्यांची उचल केलीस!"

"माझ्याच मसाल्याची?"

"तू वेगळी, धंदा वेगळा."

"आन् तुमी कोण?"

"मी हिशेबनीस."

"मग हिशेबनिसानं उद्यापासनं बिनमसाल्याची आमटी खायची. उचल नको उगं!"

(तिनं ते खरं केलं. तीन दिवस! आजारी माणसालासुद्धा यापेक्षा चवीचं देतात.)

पण मी खचलो नाही. वर्गात एक नियम मला फार आवडला होता: आपल्याकडे येईल ते नावे लिहायचं, आपल्याकडून जाईल ते जमा लिहायचं. सगळं जग जे समजतं त्याच्या बरोबर उलट! अशा गोष्टी शिकलं की माणसाला आपण शिकल्यासारखं वाटतं.

दुकानदार मोबाईलवरून पैसे देऊ लागले, म्हणून मंगलनं त्या वर्षी धंद्याचं वेगळं खातं बँकेत उघडलं होतं. त्याचं पासबुक मी पुढ्यात घेतलं. त्यात 'जमा' आणि 'नावे' असे दोन रकाने छापलेलेच होते. माझं निम्मं काम बँकेनंच केलेलं! त्यांचं जमा मी माझ्या जमा बाजूला उतरवलं, त्यांचं नावे माझ्या नावे बाजूला. नवी वही, लाल-निळी शाई, पट्टीनं आखलेल्या रेघा. तीन दिवस खपलो. मग बेरजा केल्या आणि नियम लावला. जमा म्हणजे गेलेले पैसे, नावे म्हणजे आलेले.

गेलेले पैसे आलेल्यांपेक्षा ब्याण्णव हजार सहाशे चाळीस रुपयांनी जास्त निघाले.

मी बेरजा पुन्हा तपासल्या. तिसऱ्यांदा तपासल्या. बेरीज बरोबर होती. (माझी बेरीज कधीच चुकत नाही. चुकतं ते बाकीचं सगळं.) मग पासबुकातली शेवटची ओळ पाहिली, तर तिथंही ब्याण्णव हजार सहाशे चाळीस! रुपयाला रुपया जुळला. जुळलं की बरोबर, एवढं तर वर्गात शिकवलंच होतं.

मी मंगलला मशीन बंद करायला लावलं आणि समोर बसवून तोटा सांगितला.

"काहीतरीच! बँकेत पैशे हायेत माझे," ती म्हणाली.

"हा बघ आकडा. तो आपण बँकेचं देणं लागतो."

"मी तर कर्ज काढलंच न्हाई!"

"मंगल, हे शिकल्याशिवाय कळत नाही."

हे वाक्य मी उच्चारलं. माझ्याच तोंडानं. आजही आठवलं की मी एकटा असलो तरी मान खाली घालतो.

ती वादाला उठेल असं वाटलं होतं. ती उठली नाही. हाताला लागलेलं तिखट पदराला पुसत एवढंच म्हणाली, "म्हंजी वर्षभर मी तोट्यातच कांडत हुते व्हय?" त्या दिवशी मशीन पुन्हा सुरू झालं नाही. घरात तिखटाचा कणही उडाला नाही, तरी माझं नाक गळत राहिलं.

तिनं तिसगावच्या भावाला, बाळासाहेबाला, फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेम्पो घेऊनच दारात हजर!

"आक्का, लई वंगाळ झालं. पर आनखी बुडाया नको. आमच्याकडं एक गिऱ्हाईक हाय, रोख देतो म्हनतोय."

"अरे, एवढी घाई कशाला?" मी म्हणालो.

"दाजी, तुमी येवढं शिकल्यालं मानूस. तुमी तोटा म्हनताय म्हंजी आसनारच!"

माझ्या विद्वत्तेवर इतका विश्वास छत्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं दाखवला नव्हता. बाळासाहेबानं पाना काढून चारी बोल्ट खोलले. त्यानं, टेम्पोच्या ड्रायव्हरनं आणि कामावरच्या दोन्ही बायकांनी मिळून मशीन ओढत दारापर्यंत नेलं. मंगल पाठ फिरवून रिकाम्या जागेवरची धूळ झाडत होती. मला फार वाईट वाटत होतं. पण त्याहून मोठी एक अडचण होती: विकलेलं मशीन वहीत कुठल्या बाजूला लिहायचं, हे मला आठवेना!

म्हणून मी शेख मॅडमना फोन लावला. दोन्ही हातांत वही धरायची होती, म्हणून मोबाईल खिडकीत ठेवून स्पीकर चालू केला.

"मॅडम, मशीन विकलं तर नावे की जमा?"

"मशीन का विकताय, काका?"

"तोट्यात आहोत. ब्याण्णव हजार सहाशे चाळीस. आणि पासबुकाशी अगदी रुपयाला रुपया जुळतंय!"



"काका, पासबुकात तो आकडा कुठल्या रकान्यात आहे?"

"शेवटच्या. शिल्लक."

"शिल्लक म्हणजे काय, काका?"

मी छत्तीस वर्षं मराठी माध्यमात शिकवलेलं. तरी मला त्या शब्दाचा अर्थ आठवायला थोडा वेळ लागला.

"पासबुक ही बँकेची वही आहे," मॅडम सांगू लागल्या. "पैसे तुमच्याकडून बँकेत गेले की ती तुमच्या खात्यावर जमा लिहिते, कारण तिला ते कधीतरी परत द्यायचे असतात. तुमच्या वहीत तेच पैसे नावे बाजूला येतात. तुम्ही सगळं उलटं उतरवलंय. मिरचीवाल्याचं बिल, पगार, जे काही द्यायचं राहिलं असेल ते यातून वजा करा. पण ब्याण्णव हजार हे तुमचे आहेत, बँकेचे नाहीत!"

मंगल खिडकीपाशी आली. "मॅडम, नक्की ना?"

"नक्की."

"बिलं समदी दिल्याली हायेत. पगार तेवढे द्यायचेत, नऊ हजार. बाकीचे माझे?"

"तुमचेच, ताई."

"पुन्यांदा सांगा."

"तुमचेच!"

मंगल तिथंच उंबऱ्यावर बसली आणि डोळ्यांना पदर लावून हसत सुटली. आधी मला वाटलं रडतेय. मग बघितलं तर दोन्ही करत होती. माझ्या छातीवरचं ते मशीन कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. मी इतका मोठा श्वास सोडला की वहीची पानं उडाली.

बाळासाहेबानं दाराच्या चौकटीत अडकलेल्या मशीनकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"दाजी, आता हे परत आत?"

"हो."

"मग तुमी पन हात लावा. फुकट न्हाई शिकल्यालं!"

लावला. कंबर आठवडाभर धरली होती, पण त्या दुखण्यासारखं सुखाचं दुखणं मला पूर्वी कधी झालं नाही. दुपारी मशीन सुरू झालं. पहिल्या घाण्यालाच सगळं घर शिंकायला लागलं, बाळासाहेबासकट. मी तर हौसेनं शिंकत होतो.

पुढच्या वर्गाला मंगल गेली. वही तिच्या हातात आली आणि दोन महिन्यांत तिनं दुसऱ्या मशीनसाठी बँकेकडं अर्जही केला. अर्ज तिनं स्वतः भरला. मला फक्त वाचायला दिला. त्यात एक प्रश्न होता: 'या व्यवसायाला असलेले धोके लिहा.'

तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'एक, मिरचीचे वाढते भाव. दोन, वारंवार जाणारी वीज. तीन, मालकिणीचे पती.'

मी शुद्धलेखन तपासलं. एकही चूक नव्हती.