ब्रेकवरचा पाय

एस.टी. आमच्या वळणावर कधी थांबत नाही. त्या दिवशी थांबली, आणि ड्रायव्हर स्वतः उतरून अंगणाच्या दगडी गडग्यापाशी आला, तेव्हाच माझ्या हातातलं सूप खाली पडलं. आबाभाऊजी, माझे थोरले दीर, आदल्या दिवशी ट्रॅक्टरचा कसलासा सुटा भाग आणायला चिपळूणला गेले होते. गॅरेजमधल्या बाकावर बसल्याबसल्याच गेले, असं तो म्हणाला. पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत... मी विचारलं, "मग तो भाग मिळाला होता का?" असं का विचारलं, ते मला आजही सांगता यायचं नाही.

आता दीडेक महिना झाला. मी लग्न होऊन गुहागरजवळच्या या वाडीत आले ती एकावन्न साली. घरात सासूबाई, हे आणि भाऊजी. भाऊजींनी लग्न केलं नव्हतं. लढाईत ते ब्रह्मदेशात लष्कराची अवजड यंत्रं चालवत, आणि येताना तोच नाद बरोबर घेऊन आले. साठवलेल्या पगारातून त्यांनी डिस्पोजलमधला, म्हणजे लढाईनंतर लष्करानं विकायला काढलेला, एक ट्रॅक्टर घेतला. चाकांच्या जागी रणगाड्यासारखे लोखंडी पट्टे, मागं तारेचा दोर गुंडाळणारा विंच. आमची शेती ती केवढी? घरापुरतं भात, थोडे माड, थोड्या पोफळी. पण ट्रॅक्टर एक दिवस बसून राहिलेला भाऊजींना खपायचा नाही. सरपण ओढायला ट्रॅक्टर, झावळ्या आणायला ट्रॅक्टर. एकदा रहाटाला रेड्याऐवजी तो जोडला, तर रहाटाची निम्मी गाडगी फुटून विहिरीत गेली. पहिल्या वर्षी झोडणीचे कष्ट नकोत म्हणून खळ्यात भातावरून फिरवला, आणि आम्ही शिमग्यापर्यंत कण्यांची पेज प्यायलो. सासूबाई वाढताना म्हणायच्या, "खा बाबा, तुझ्या रणगाड्याने दळलान हो." भाऊजी हसून आणखी एक डाव मागून घ्यायचे.

विहिरीचा गाळ वैशाखात काढतात. आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन बोलवायचं, सकाळी सगळी वाडी घमेली घेऊन हजर, आणि दुपारी सगळ्यांना आपल्याकडे जेवण, अशी आमच्याकडची रीत. आज माझी विहीर, उद्या तुझी. एका वर्षी भाऊजी म्हणाले, "कशाला सगळ्यांचा दिवस मोडायचा? विंच आहे ना." लोकांना त्रास नको, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण बोलवायचं नाही म्हणजे वाडीशी संबंध तोडल्यासारखंच की! मी तसं बोलूनही दाखवलं. "सुमन, तू आपली चहाचं बघ," एवढ्यावर त्यांनी ते मिटवलं. वाडी रुसली, आणि सकाळी विहिरीवर आम्ही घरचीच चौघं उरलो. शेजारचे कासमचाचा तेवढे मजा बघायला आले होते. त्यांची सारी उमर आगबोटीवर गेलेली.

हे विहिरीत उतरले. भाऊजींनी ट्रॅक्टरची पाठ विहिरीकडे करून तो अगदी काठाला आणला. खाली हे लोखंडी पिंपात गाळ भरायचे, हाक द्यायचे, आणि विंच पिंप वर ओढायचा. सुरुवातीला काम झकास चाललं. इंजिनाच्या हादऱ्यांनी काठाचे जांभ्याचे चिरे सुटत चालले होते, ते त्या धडधडाटात कुणाला कळलं नाही. एक भरलेलं पिंप अर्ध्यावर आलं आणि मागचा चिरा निखळून खाली गेला. पाठोपाठ ट्रॅक्टर हातभर मागं घसरला आणि इंजिन बंद पडलं. सगळं एकदम शांत झालं. विहिरीतून यांचा आवाज आला, "दादा... काय झालं?"

भाऊजींचा उजवा पाय ब्रेकवर होता. ते सगळं धूड आता त्या एका पायावर थांबलं होतं. पाय निघाला असता तर ट्रॅक्टर सरळ यांच्या अंगावर. "आबा, उडी टाक रे!" सासूबाई ओरडल्या. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. भाऊजी मान न वळवता म्हणाले, "नाय टाकत. आधी त्याला वर घ्या."

"गाडीला कोनी हात लावू नका," कासमचाचा म्हणाले. "काथ्याचे दोर आना. आनि मानसां बोलवा."

माणसं! तीच तर नव्हती. सासूबाई गडग्यावर चढल्या आणि त्यांनी जी हाक मारली ती मी जन्मात विसरणार नाही. "धावा गो! माझे दोनी पोरगे चालले!" क्षणभर कुठूनच काही हललं नाही. मग एकेका घरातून माणसं पळत सुटली, बायका कासोटे खोचून. ट्रॅक्टरचं तोंड फणसाच्या बुंध्याला दोरांनी जखडलं, पट्ट्यांखाली चिरे सारले. चाचांनी पलीकडच्या काठावरून दोराचा फास सोडला आणि तो काखेत अडकवून यांना लोकांनी हातांनी वर ओढलं. मी दोर धरला होता की नुसतीच किंचाळत होते, मला आठवत नाही.

भाऊजींची पाठ विहिरीकडे. त्यांना काहीच दिसत नव्हतं. "वर आला?"

"आला, आला!"

"माझ्यासमोर आणून उभा करा."

यांना चिखलासकट नेऊन त्यांच्यापुढं उभं केलं. भाऊजींनी डोळे भरून पाहिलं. तरी पाय निघेना. शेवटी चाचांनी तो दोन्ही हातांनी धरून उचलला.

दुपारी सगळी वाडी आमच्याकडेच जेवली. का बोलावलं नाही, असा टोमणा कुणीही मारला नाही. तो मी मारला, वाढताना, सगळ्यांदेखत. मला भयंकर राग आला होता. अजूनही येतो, आणि तो काढायला आता भाऊजी नाहीत.

पुढं दर वैशाखात ते स्वतः घरोघर बोलवायला जायचे. ट्रॅक्टर सरपण ओढत राहिला, विहिरीकडे मात्र पुन्हा फिरकला नाही. पण भाऊजींना एक खोड जडली ती जडलीच. हे कुठं गेले आणि यायला उशीर झाला की ते पडवीतल्या बाकड्यावर बसून उजवी टाच जमिनीत दाबून धरायचे. गप्पा चाललेल्या असायच्या, हातात अडकित्ता असायचा, पाय मात्र दाबलेला. हे गडग्याच्या वळणावर दिसले की मगच सुटायचा. शेणाने सारवलेली जमीन ती, तिथं खळगा पडायचा. दर आठवड्याला मी तो बुजवायची आणि त्यांना ऐकू जाईल असं पुटपुटायची.

भाऊजी गेल्यापासून पडवी सारवलीच नव्हती. परवा सारवताना हात तिथं पोचला. माती कालवून घेतलेली होती. बुजवायचं धैर्य झालं नाही, भोवतीनंच सारवलं. हे बाजाराला गेले होते आणि अंधार पडत आला तरी परतले नव्हते. मी बाकड्यावर जाऊन बसले. माझी टाच लहान, खळग्यात सैल पडते... तरी दाबून धरली. हे वळणावर दिसेपर्यंत उचलली नाही.