झेब्रावाल्या मॅडम

कॉलेजने झेब्रावाल्या मॅडमना फसवलं. शब्द देऊन, गोड बोलून फसवलं. नाव छापू नका, असं त्यांनी बजावलंय, म्हणून भिवंडीच्या धामणकर नाक्यावर आम्ही त्यांना ज्या नावाने ओळखायचो तेच लिहितो.

नाक्यावर माझं शोभेच्या माशांचं दुकान. रिक्षा स्टँडजवळ पिशव्यांत मासे विकत इथवर आलो. भाव न करणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला संशय येतो. मॅडम भाव करायच्या नाहीत, पण मासा निवडायला अर्धी सकाळ लावायच्या. तेही कुठले, तर झेब्रा. बोटभरसुद्धा नाहीत, अंगावर निळे पट्टे, दुकानातला सगळ्यात स्वस्त माल. मॅडम काचेला नाक लावायच्या. "ती फुगीर पोटाची द्या. ती नाही, मागची. आणि हा नर आळशी आहे भाऊ, तुमच्याकडेच ठेवा."

"मॅडम, मासे नेताय की जावई शोधताय?"

"जावयापेक्षा जास्त काम आहे याला!"

त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायच्या. काय काम ते एकदा त्यांनी तिथे नेऊन दाखवलं. रात्री नर आणि मादी यांच्यामध्ये काच, उजाडताच काच काढायची. अंडी तळाला पडतात आणि आईबापच ती खाऊन टाकतात, म्हणून तळाला माझ्याच दुकानातल्या गोट्या पसरलेल्या. अंडी गोट्यांच्या फटीत सुरक्षित. मायक्रोस्कोपला डोळा लावला, तर आदल्या सकाळचं अंडं काचेसारखं आरपार, आत शेपटी गुंडाळलेलं पिल्लू आणि पिल्लात धडधडणारं काळीज. मला डोळा काढवेना. बायकोला तेव्हा दिवस गेले होते, आणि आधीचं मूल पोटातच गेलं होतं.

आमचं घर जवळच्या कोन गावात, पाणी विहिरीचं. शेजारी कापड रंगवायचा कारखाना आल्यापासून बायको म्हणायची, "पाण्याला वास हाय, का मलाच भास व्हतो? कोणाला तरी इचारा की." मी मॅडमना विचारलं. "बघितल्याशिवाय नाही सांगणार," त्या म्हणाल्या. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग त्यांनी आमचं पाणी मागवलं. एका बशीत अंडी स्वच्छ पाण्यात, दुसरीत त्याच मादीची अंडी आमच्या विहिरीच्या पाण्यात. "पाणी वाईट असेल तर काळजाभोवती सूज येईल, शेपूट वाकेल. त्यावरून माणसाचं थेट सांगता येत नाही, पण सावध व्हायला पुरेल."

घरी बायको तेच पाणी तांब्याने प्यायची. पिऊ नको म्हणावं, तर कारण काय सांगू? दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसायचो. मॅडमना विचारलं, तर त्या चाचरल्या. "तुमच्या बशीतले ठोके मंद वाटतात. पण काल लाइट गेली होती, हीटर बंद होता, गारठ्यानेही होईल. वाटणं म्हणजे बघणं नव्हे. उद्या नक्की कळेल."

दुसऱ्या दिवशी नेमकी कॉलेजात तपासणी समिती होती. प्राचार्यांनी मॅडमना शब्द दिला होता, "पाहुण्यांना तुमचे मासे दाखवा. नंतर मायक्रोस्कोप कायम तुमच्याच खोलीत, आणि तुमच्या नोकरीचंही बघू." मी धावत पोचलो, तर मायक्रोस्कोप हॉलमध्ये, मखमल घातलेल्या टेबलावर. त्याखाली स्वच्छ पाण्याची बशी. आमच्या पाण्याची बशी मॅडम यायच्या आधीच बेसिनमध्ये ओतलेली.

माझा आवाज चढला. प्राचार्य हसून म्हणाले, "अहो शेठ, पाहुण्यांसमोर गढूळ पाणी बरं दिसतं का? माशांची अंडी ती. मासे परत घालतील."

समिती खूश होऊन गेली. मायक्रोस्कोप कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं. पुढच्या टर्मला मॅडमना एकही तास नाही.

त्या दिवशी बेसिनपाशी उभ्या राहून त्या मला म्हणाल्या, "मला बघायला मिळालं नाही, भाऊ. म्हणजे पाणी चांगलं, असं धरू नका. वहिनींना माहेरी ठेवा." मी बायकोला राहनाळला माहेरी पोचवलं. मुलगी झाली, धडधाकट. मॅडम बघायला आल्या आणि बाळाच्या छातीला कान लावून कितीतरी वेळ बसून राहिल्या. मग त्या भिवंडी सोडून गेल्या. जाताना त्यांचे झेब्रा माझ्या दुकानात सोडले. "विकू नका," एवढंच म्हणाल्या. मी विकले नाहीत.

मी आळीत ओरडून सांगितलं होतं, पण पुरावा कुठे होता? "मासेवाला येडा झालाय," म्हणून लोक हसले आणि तेच पाणी पीत राहिले. शेजारच्या वहिनीचं मूल पोटातच गेलं. पाण्याने गेलं की नशिबाने, मी सांगू शकत नाही. मॅडमही आता सांगू शकणार नाहीत, कारण विहीर बुजवून तिच्यावर गोदाम उभं राहिलंय.

प्राचार्यसाहेब, ती वहिनी अजून मला विचारते, "भाऊजी, पानी खराब व्हता का वो?" मी काय सांगू? बशी तुमच्या हुकमाने ओतली गेली. कोनला या, तिच्या दारात उभे राहा आणि तुम्हीच तिला उत्तर द्या.