बॅरनला न चालणारा उजेड

वर्लिन स्टेनरूड एकदा बोलला की बोलला. अल्डर लेक गावात दर उन्हाळ्यात सॉफ्टबॉलचे सामने होत आणि वर्लिन त्यांत अंपायर असे. त्यानं दिलेला निकाल कधी फिरवल्याचं गावात कुणालाच आठवत नाही. एकदा शेजारच्या गावाशी सामना रंगला होता आणि त्याची स्वतःची मुलगी धाव पुरी करायला धुळीतून घसरत होम प्लेटवर आली. बाकांवरचं सगळं गाव म्हणालं, पोचली. वर्लिननं मूठ वळली, अंगठा खांद्यामागे उडवला आणि पोरीला आउट दिलं. गाव हरलं. मुलगी सबंध उन्हाळा बापाशी बोलली नाही. अजूनही विषय निघाला की वर्लिन शांतपणे कॉफी ढवळत म्हणतो, "मला जे दिसतं ते मी सांगतो. ती आउट होती."

हिवाळ्यात तो काउंटीचा बर्फ लोटायचा ट्रक चालवायचा आणि शनिवारी दुपारी घराच्या तळघरात व्हॅम्पायर व्हायचा. याचं खापर फोडायचं तर लेरॉय कुबियाकच्या डोक्यावर फोडावं लागेल. लेरॉय त्याचा शाळेपासूनचा मित्र. ऐन तारुण्यात तो दक्षिणेकडून एक खोका घेऊन आला. त्यात नियमांची पुस्तकं होती आणि चित्रविचित्र बाजूंचे फासे. एकानं गोष्ट रचायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, कोण जगलं नि कोण मेलं ते फाशांनी ठरवायचं, असा तो खेळ. गाई पिळून झाल्या, तळं गोठलं, आता मार्चपर्यंत करायचं काय, हा प्रश्न होताच. गोष्ट रचायचं काम वर्लिनकडे आलं, कारण नियमांची पुस्तकं शेवटपर्यंत वाचणारा तो एकटाच होता.

सुरुवातीला गावात कुजबुज झाली, की तळघरात सैतानाची पूजा चालते. चर्चचे पास्टर स्वतः जिना उतरून खात्री करायला आले. तेव्हा चार मोठी माणसं ओल्या दोरखंडाचं वजन किती धरायचं यावर तावातावानं भांडत होती. पास्टरनी वर्लिनच्या बायकोच्या, लॉरेनच्या हातच्या दोन लिंबाच्या वड्या खाल्ल्या, तिसरी रुमालात बांधून घेतली आणि पुन्हा चौकशी केली नाही.

वर्लिनच्या व्हॅम्पायरचं नाव बॅरन ऑस्कवाल्ड. बोटाएवढी शिशाची बाहुली, वर्लिननं भिंग लावून रंगवलेली, कॉलर मोहरीच्या फुलासारखी पिवळी, कारण लाल रंग संपला होता. बॅरन बोलायचा मात्र वर्लिनच्या नॉर्वेजियन आजोबांसारखा. त्यामुळे तो रक्त प्यायची धमकी द्यायचा तेव्हा गवताच्या भावावरून हुज्जत घालतोय असं वाटायचं. वेंडेल, गावचा जुना खाटीक, खेळात चोर व्हायचा, आणि दर वेळी हसून त्याच्या घशात सॉसेज अडकायचं.

हा बॅरन मरतच नव्हता. लेरॉय योद्धा व्हायचा, त्याची बायको मार्लिस, तीही त्यांच्याच शाळेतली, पुजारीण. दर हिवाळ्यात एकदा तरी मार्लिस बॅरनला किल्ल्याच्या कोपऱ्यात गाठायची आणि दिवसप्रकाशाचा मंत्र टाकायची. व्हॅम्पायरला ऊन लागलं की तो जळतो हे सगळ्यांनाच ठाऊक. वर्लिन पुस्तक उघडायचा, चष्मा नाकावर सरकवायचा आणि म्हणायचा, "मंत्रानं उजेड पडतो. ऊन पडतं असं कुठंही लिहिलेलं नाही. उजेडानं बॅरनचे डोळे दिपतील फार तर." मग बॅरन नॉर्वेजियन सुरात आभार मानून खिडकीतून निसटायचा. मार्लिस त्याच्या अंगावर वडी फेकायची आणि लेरॉय ती झेलून खायचा. अशी तीस-पस्तीस वर्षं गेली. वर्लिनला वाटे, सगळेजण बॅरनसाठी येतात. एवढं एक त्याला कधी नीट दिसलं नाही.

गेल्या वसंतात लेरॉय गेला. पानं गळली तरी मार्लिस खेळायला आली नाही. तिची मुलगी दूर दक्षिणेला, उन्हाच्या टूसॉन शहरात असते. ती रोज फोन करून सांगे की इथे जानेवारीतसुद्धा अंगणात बसता येतं, तू घर विक आणि ये. मार्लिस म्हणाली, हा हिवाळा बघते, मग ठरवते. हे ऐकल्यापासून वर्लिनची झोप उडाली होती. वेंडेल एकटा काय खेळणार, हे त्यानं बायकोला बोलून दाखवलं. लहानपणापासूनच्या मित्रांतली ही शेवटची, आणि तीही चालली, हे मात्र बोलला नाही.

नवीन वर्ष लागल्यावर मार्लिस आली. हडकली होती. लेरॉयच्या फाशांची जांभळी मखमली पिशवी तिथेच फळीवर, बीटच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी असे. तिनं ती काढली. खेळ हळूहळू तापला, बॅरन कोपऱ्यात सापडला आणि मार्लिसनं मंत्र टाकला. वर्लिननं चष्मा सरकवला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं.

या वेळी वडी आली नाही. मार्लिस फाशाकडे बघत म्हणाली, की डॉक्टरांनी तिला एक दिवा दिलाय. पांढराशुभ्र, ताटाएवढा. हिवाळ्यातल्या उदासीवर, उन्हाच्या जागी रोज सकाळी त्याच्यासमोर बसायचं. आधी ती दुपारपर्यंत अंथरुणातून उठत नव्हती. आता उठते, केस विंचरते, आज इथवर आली. "तेव्हा उजेडानं काही होत नाही असं मला सांगू नकोस," ती म्हणाली.

आणि वर्लिन, ज्याला जगात कुणी विचारलं नव्हतं, तो म्हणाला, "पण तोही दिवाच. ऊन नाहीच ते."

वेंडेलनं चावायचं थांबवलं. मार्लिस म्हणाली, "माहितीय मला." तिनं एकेक फासा पिशवीत टाकला, नाडी ओढली आणि पिशवी कोटाच्या खिशात घालून ती जिना चढून गेली. पिशवी त्या घरातून बाहेर गेल्याचं वर्लिननं कधी पाहिलं नव्हतं. 

लॉरेननं वरून सगळं ऐकलं होतं. ती कपबशा विसळत म्हणाली, "पोरीला आउट दिलंस तेव्हा निदान सामना तरी होता. आज काय जिंकलास?"

"ते ऊन नाहीये, लॉरेन."

"मग तू तिला टूसॉनलाच पाठव. तिथं खरं मिळेल."

दोन दिवसांनी भरपूर बर्फ पडलं. वर्लिननं आपला छोटा ट्रक काढून मार्लिसचं अंगण साफ केलं. मग साफ झालेलंच पुन्हा साफ केलं. शेवटी तिनंच दार उघडून विचारलं, की आत येतोस, का आता खालचं गवतही लोटणार आहेस.

स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता. तिची बसायची वेळ होती, ती उठेना, म्हणून वर्लिनलाही त्या उजेडात बसावं लागलं. माफी मागायचं त्यानं ट्रकमध्ये चारदा म्हणून पाहिलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, की कॉफी चांगली आहे. ती म्हणाली, तीच आहे, तुझ्या घरी असते ती. टेबलावर जिरेनियमची कुंडी होती. ही लेरॉयची, दर हिवाळ्यात नुसत्या काड्या उरायच्या आणि तो दर हिवाळ्यात ती मेली म्हणून जाहीर करायचा. आता तिला दाट पानं आली होती. खिडकी मागे होती, पण सगळी पानं दिव्याकडे तोंड करून उभी होती. एक लाल कळीसुद्धा धरली होती.

वर्लिननं कुंडी उचलली आणि शेतकऱ्याच्या पोराच्या सवयीनं दुसरी बाजू उजेडाकडे केली. तो बराच वेळ त्या कळीकडे बघत राहिला. दिसत होतं ते दिसत होतं.

निघताना टोपी घालता घालता तो म्हणाला, "शनिवारी ये. वेंडेल किल्ल्याच्या दारात अडकलाय. त्याला कुलूपसुद्धा उघडता येत नाही."

"बघते," मार्लिस म्हणाली. या गावात त्याचा अर्थ बहुधा नाही असाच होतो.

शनिवारी लॉरेननं नेहमीइतक्याच वड्या केल्या. वर्लिननं बॅरनला टेबलावर उभा केला, मग सरळ केला, मग पुन्हा सरळ केला. बाहेर दिवस कलायला लागला तेव्हा जिन्यावर बूट वाजले. मार्लिस कोट न काढताच बसली. पिशवी खिशातच होती. वेंडेलनं तिच्यापुढे सॉसेज सरकवलं.

तिनं काही लांबण लावली नाही. "माझी पुजारीण आत येते आणि मंत्र टाकते. तोच," ती म्हणाली. नाही म्हण बघू, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

वर्लिननं पुस्तक उघडलं. वेंडेलनं कपाळाला हात लावला. वर्लिननं पान वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"मी निकाल फिरवत नाही," तो म्हणाला. "ते ऊन नाही. पण बॅरननं आयुष्यात ऊन पाहिलंय कुठं? त्याला तो फरक कळत नाही. त्याला फक्त एवढं दिसतं, की खोलीतल्या सगळ्या कुंड्यांनी तुझ्याकडे तोंड केलंय."

तो उठून उभा राहिला. गुडघे कडकडले. त्यानं मूठ वळली, अंगठा खांद्यामागे उडवला आणि अंपायरच्या खणखणीत आवाजात बॅरन ऑस्कवाल्डला आउट दिलं. मग इतक्या वर्षांची ती मोहरी कॉलरची बाहुली त्यानं दोन बोटांनी हळूच टेबलावर आडवी केली. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते वेंडेलच्या सॉसेजमधल्या मिरीवर ढकललं.

मार्लिस रडली, मग हसली, मग तिनं त्याच्या अंगावर वडी फेकली. झेलायला लेरॉय नव्हता, म्हणून ती वर्लिनच्या स्वेटरवर फुटली.

"मूर्खा, मग आता मी भांडायचं कुणाशी?" ती म्हणाली.

"त्याला एक बहीण आहे," वर्लिन म्हणाला. वेंडेलसारखाच तोही हे पहिल्यांदाच ऐकत होता.

"आणि तिला हा उजेड चालतो?"

"ते पुढच्या शनिवारी बघू. मला आधी वाचावं लागेल."

मार्लिसनं कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग खिशातून जांभळी पिशवी काढून तिनं लोणच्याच्या बरण्यांशेजारी ठेवून दिली.